रस्ता सोडून कुठेही

सायकल ट्रॅकच्या संकल्पचित्रात नेहमी सकाळ असते. हे चित्र तुम्ही फोनवर कधी ना कधी पाहिलं असणारच. नवा प्रकल्प जाहीर होतो आणि बातमीच्या डोक्यावर संगणकावर बनवलेलं एक चित्र येतं. ऊन कोवळं, झाडं सगळी एका उंचीची, बाजूला पाणी. पाणी नसेल तर लॉन. एक तरुण हेल्मेट घालून सायकलवर, मागून एक बाई आणि तिचं लहान मूल. कुणाच्याच हँडलला पिशवी लटकत नसते. कॅरिअरवर दुधाचा कॅन नसतो, पावाची टोपली नसते, डबे नसतात. ही माणसं कुठून आली आणि कुठे निघाली आहेत, हे चित्रावरून कळत नाही. बहुधा कुठेच निघालेली नाहीत. ती चक्कर मारताहेत.

शहराने सायकलची वाट कुठे काढावी, या वादात आपल्याकडे नकाशे, खर्च, न्यायालयाचे आदेश या सगळ्यांवर बोललं जातं. या चित्रावर कुणी बोलत नाही. माझ्या मते वादाचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो. सायकल म्हणजे काय हे एकदा ठरलं, की ती कुठे ठेवायची हे आपोआप ठरतं. ती सकाळची हौस असेल तर तिची जागा तलावाकाठी. ती कामाला जायचं साधन असेल तर तिची जागा रस्त्यावर. मुंबईने गेल्या पंधराएक वर्षांत सायकलसाठी जे जे आखलं ते एकापुढे एक ठेवून वाचलं, तर या शहराचं उत्तर स्पष्ट दिसतं.

शब्दांपासूनच सुरुवात करू. इंग्रजीतून आपण 'ट्रॅक' उचलला. ट्रॅक म्हटलं की मराठी डोळ्यापुढे येतं ते मैदान: गोल फिरायचं आणि सुटलो तिथेच परत यायचं. वर्तमानपत्रांनी 'मार्गिका' हा शब्द चालवला. पुस्तकाची पुस्तिका होते तसा मार्गाचा लहान जीव. बसलाही मार्गिका मिळते आणि मेट्रोलाही, हे खरं; पण सायकलच्या मार्गिकेशेजारी बातमीत जो शब्द जवळजवळ हमखास येतो तो म्हणजे 'सुशोभीकरण'. मेट्रोने शहर सुशोभित होईल असं कुणी म्हणत नाही. ती लागते म्हणून बांधतात. सायकलची वाट मात्र कारंजी, बाकडी आणि सेल्फी पॉइंट यांच्या रांगेत बसते.

पहिला प्रयोग निदान रस्त्याच्या कडेला होता. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११च्या सुमारास तेरा किलोमीटरच्या आसपास सायकल ट्रॅक केला. पुढे त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि काही वर्षांत तो गुंडाळला गेला. तेव्हापासून हा ट्रॅक म्हणजे 'मुंबईत सायकल चालत नाही' याचा पुरावा झाला आहे. विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'बीकेसीत केला होता की, काय झालं?'

काय झालं ते नकाशावर बघा. बीकेसीत काम करणारा माणूस तिथे राहत नाही. तो लोकलने वांद्र्याला किंवा कुर्ल्याला उतरतो आणि तिथून पुढचे दोन-तीन किलोमीटर शेअर रिक्षात कोंबून किंवा बसला लटकून ऑफिस गाठतो. त्याचं संकट तेवढंच आहे: स्टेशन ते संकुल. ट्रॅक होता संकुलात. एमएमआरडीएची हद्द संपते तिथे तिचा अधिकार संपतो, पुढचा रस्ता महापालिकेचा, स्टेशन रेल्वेचं. वाट माणसाच्या प्रवासावरून आखली गेली नाही, ती खात्याच्या हद्दीवरून आखली गेली. मग ती ओस पडली आणि दोष सायकलवर आला. पूल नदीच्या एकाच काठावर बांधायचा आणि लोकांना पलीकडे जायचंच नाही म्हणायचं, यातला प्रकार.

यानंतरच्या योजनांनी रस्त्याचा नादच सोडला.

महापालिकेने २०१७-१८च्या सुमारास एक मोठी योजना मांडली. तानसाच्या जलवाहिनीला लागून मुलुंडपासून सायनपर्यंत सुमारे ३९ किलोमीटरची सायकलवाट. नाव होतं 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स'. नाव छान आहे. कागदावर कल्पनाही वाईट नाही. पाइपलाइन उपनगरांच्या पोटातून जाते, रस्त्यावरच्या गाड्यांशी संबंध नाही, स्टेशनंही फार लांब नाहीत.

पण ही जमीन मोकळी कशी झाली? जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. त्यामागे शहराच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. त्यानुसार विद्याविहार, घाटकोपर आणि इतर ठिकाणच्या वस्त्या हलल्या. पात्र ठरलेल्या अनेक कुटुंबांना माहुलच्या ७२ इमारतींच्या वसाहतीत घरं मिळाली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच माहुल-आंबापाडा भागातल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं होतं. तरी माणसं तिथे गेली, कारण त्यांना तिथेच पाठवलं गेलं. २०१८च्या ऑक्टोबरात त्यांच्यातली काही विद्याविहारला परत येऊन त्याच पाइपलाइनशेजारी फुटपाथवर आंदोलनाला बसली. २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांची पर्यायी सोय करा, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या, असं सरकारला सांगितलं.

इथे नेमकं बोललं पाहिजे. वस्त्या सायकल ट्रॅकसाठी हटवल्या असं म्हणणं चूक आहे. आदेश आधीचा, ट्रॅक नंतरचा. पण ट्रॅक का, याचं महापालिकेने दिलेलं एक कारण होतं: मोकळी झालेली जमीन पुन्हा अतिक्रमणाखाली जाऊ नये. हे वाक्य मला या सगळ्या कागदपत्रांतलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. सायकलवाट म्हणजे कुंपण. काटेरी तार लावली तर वाईट दिसतं, म्हणून चाकं लावली. आणि ज्यांची घरं तिथे होती, त्यांच्यातले कितीतरी असे असणार की मुंबईत खरोखर सायकल ज्यांच्या कामाची: दूधवाले, पाववाले, वॉचमन, धार लावणारे. पहाटे चारला लोकल मिळत नाही आणि रिक्षा परवडत नाही, अशा वेळेची माणसं. माहुलहून जुन्या गिऱ्हाइकांपर्यंत सायकल मारत यायचं तर ते अंतर काही संकल्पचित्रातलं नाही.

तिसरी गोष्ट पवईची. १८९०-९१च्या काळात बांधलेल्या पवई तलावाभोवती महापालिकेने सायकल आणि पायवाटेचं काम काढलं. २०२१मध्ये काठावर भराव पडू लागला. तिथे मगरी आहेत, पक्षी आहेत, पाणथळ आहे. आयआयटीतले विद्यार्थी आणि पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. ६ मे २०२२ला उच्च न्यायालयाने काम बेकायदा ठरवलं आणि भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. महापालिकेचं म्हणणं होतं की दगडांच्या जाळीदार पेट्या वापरतो आहोत, त्यातून पाणी झिरपतं, तलावाला इजा नाही. न्यायालयाला ते पटलं नाही.

निकाल योग्यच होता. पण वाद ज्या पद्धतीने झाला त्यावर माझा आक्षेप आहे. तो वाद 'मगर की सायकल' असा झाला. एका बाजूला निसर्गप्रेमी, दुसऱ्या बाजूला 'निदान काहीतरी होतंय ना' म्हणणारे सायकलप्रेमी. दोन्ही बाजूंना हिरवंच काहीतरी हवं होतं आणि दोघं एकमेकांशी भांडत बसले. तलावाला लागून जाणारा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड यात कुठेच नव्हता. तिथे डंपर आहेत, बस आहेत, आता मेट्रो सहाचे खांब आहेत आणि या सगळ्याच्या कडेने जीव मुठीत धरून जाणारे सायकलवालेही आहेत. काठावर भराव घालून नवी जमीन तयार करण्याइतपत आपली तयारी होती, पण शेजारच्या तयार रस्त्यातली थोडी रुंदी काढून सायकलला द्यायची चर्चासुद्धा झाली नाही. गाडीपेक्षा मगर हलवणं सोपं वाटलं.

समुद्राकडे फार वेळ थांबायला नको. डिसेंबर २०१७मध्ये एनसीपीए ते वरळी असा रविवार सकाळचा सायकल ट्रॅक सुरू झाला. सुळके लावायचे, अकरा वाजता उचलायचे. तो मला आवडला होता, कारण तो निदान खऱ्या रस्त्यावर होता. मात्र आठवड्यातून एकदा रस्ता उसना मिळाला की सायकल रविवारची गोष्ट आहे हेच पक्कं होतं. सागरी सेतूवर २००९पासून सायकलला बंदी आहे. मार्च २०२४मध्ये खुल्या झालेल्या किनारी रस्त्यावर सायकलला बंदी आहे आणि दुचाकीलाही. वेगाचं कारण दिलं जातं, ते मान्य. पण शेजारच्या समुद्रालगतच्या पदपथाच्या आराखड्यात सायकल ट्रॅक आहेच. म्हणजे समुद्र बघत फिरा. मरीन ड्राइव्हहून वरळीला कामाला जाऊ नका.

संकुल, जलवाहिनी, तलाव, समुद्र. शहराच्या अंगावर जिथे गाडी जात नाही किंवा जिला तिची गरज नाही, अशा जागा शोधून शोधून तिथे सायकल ठेवली. बायकांचा डबा एका बाजूला असतो तसं नाही हे; त्या डब्याला निदान सीएसएमटीपर्यंत जाता येतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं की रस्त्यावर सायकलवाले आहेत कुठे? कुणासाठी जागा काढायची? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, त्याच्यामागे एक पोथी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकल ट्रॅकचे निकष छापले. गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि शंभर ते दोनशे मोटारी असतील तर वेगळा ट्रॅक द्यावा. मोटारी तासाला दोनशेच्या वर गेल्या तर शंभर सायकलींनाही ट्रॅक योग्य ठरू शकतो. त्या काळाच्या मानाने हा विचार शहाणपणाचा आहे. मोटारी जितक्या जास्त तितक्या कमी सायकलींना संरक्षण द्या, असंच तो म्हणतो. २०१५मध्ये ही नियमावली नव्याने आली. पण आपल्या डोक्यात राहिली फक्त मोजणी. आणि मोजणी सकाळी दहाला होते. पाववाला साडेपाचला येऊन गेलेला असतो. पेपरवाला सहाला. इडलीवाला अण्णा भोंगा वाजवत आठपर्यंत गल्ली उरकतो. रात्रपाळीचा वॉचमन सातला घरी निघतो. डबेवाले दहानंतर स्टेशनाबाहेर दिसतात, पण त्यांना आपण सायकलवाले म्हणत नाही, डबेवाले म्हणतो. ते कौतुकाच्या खात्यात जमा आहेत, वाहतुकीच्या नाहीत. आता त्यात सायकलवरून पार्सल पोहोचवणारी पोरं आली. त्यांचा प्रवास फोनवर मिनिटामिनिटाने दिसतो. तुम्ही आम्ही नकाशावर तो ठिपका सरकताना बघत बसतो. शहराच्या नकाशात मात्र तो ठिपका नाही.

जे आज सायकल चालवत नाहीत ते तर मोजणीत येणारच नाहीत. तुमच्या ओळखीतल्या किती मुली दहावीपर्यंत सायकलवर शाळेत जात होत्या आणि पुढे थांबल्या, विचारून बघा. उत्तरात 'आवड' हा शब्द क्वचित येईल.

दुसऱ्या देशांचं नाव काढलं की आपल्याकडे लोक चिडतात, आणि बऱ्याचदा त्यांचं चिडणं बरोबर असतं. 'हॉलंडमध्ये बघा' हे वाक्य मलाही ऐकवत नाही. पण तिथली एक गोष्ट खरंच कामाची आहे आणि ती यशाची नाही, फसलेल्या प्रयोगाची आहे. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. लोक रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच होतं 'मुलांचे खून थांबवा'. सरकारने सत्तरच्या दशकात टिलबर्ग आणि हेग या दोन शहरांत नमुन्यादाखल एकेक देखणी सायकलवाट बांधली. ती वापरली गेली. पण आजूबाजूच्या गल्ल्यांतले सायकलवाले त्या वाटेवर आले, एवढंच. नवे सायकलवाले फारसे वाढले नाहीत. मग डेल्फ्ट या लहान शहरात ऐंशीच्या दशकात उलट केलं. एक दिमाखदार वाट नाही, पूर्ण जाळं. शहराचं, विभागाचं आणि गल्लीचं, अशा तीन पातळ्यांवर. तुटलेले सांधे शोधायचे आणि जोडायचे. फरक तिथे पडला.

स्पेनमधल्या सेव्हिलची गोष्ट त्याहून जवळची, कारण तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि सायकलची काही परंपरा उरली नव्हती. त्यांनी २००६-०७मध्ये एका दमात सुमारे ८० किलोमीटर जोडलेलं जाळं बांधलं, पुढे ते १२०च्या आसपास नेलं. जागा कुठून आणली? जवळपास ५,००० पार्किंगच्या जागा काढल्या. मुंबईच्या एकाही संकल्पचित्रात हे वाक्य नाही. नसणारच. ३९ किलोमीटर पाइपलाइनवर आखणं सोपं, घाटकोपरमध्ये एलबीएस रोडच्या कडेच्या गाड्या हलवणं म्हणजे प्रत्येक सोसायटीशी, दुकानदाराशी, नगरसेवकाशी वाद. सायकलची वाट कुठे, हा प्रश्न खरं म्हणजे गाडी उभी कुठे करायची हाच प्रश्न आहे. तो त्या नावाने विचारला की सभा गरम होते, म्हणून आपण तलावावर बोलतो.

पुण्याने तो प्रश्न निदान विचारला, हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०१७मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं, आणि बहुतेक खऱ्या रस्त्यांवर. कागद म्हणून तो मुंबईच्या चारही योजनांपेक्षा कितीतरी सरस आहे. अंमलबजावणीत काय होतं हे पुणेकरांना सांगायला नको: ट्रॅक सुरू होतो, विजेच्या डीपीपाशी अडतो, बसथांब्यामागे गडप होतो, चौकात तर विरघळूनच जातो. नेमकी जिथे गरज, तिथे तो नसतो. त्याची थट्टा सोपी आहे. पण पुण्यात आपण एका फसत असलेल्या रस्त्याबद्दल भांडू शकतो. मुंबईत भांडायला रस्ताच दिलेला नाही.

मुंबई ही उत्तर-दक्षिण धावणारी लोकल आहे आणि तिला पूर्व-पश्चिम फुटलेले हजारो आखूड प्रवास आहेत. स्टेशन ते घर, स्टेशन ते ऑफिस. दीड किलोमीटर, दोन, तीन. सायकलसाठी यापेक्षा बेतलेलं अंतर असू शकत नाही. ३९ किलोमीटरची वाट कुणाला हवी आहे? अंधेरी स्टेशन ते मरोळ हवं आहे. भांडुप स्टेशनपासून टेकडीच्या वस्तीपर्यंत हवं आहे, आणि तिथे चढ आहे म्हणून थोडी वेगळी अक्कलही लागेल. घाम येतो, पाऊस पडतो, हे खरं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यात डबे पोहोचतात. सगळ्यांनी सगळे महिने चालवावी असा आग्रह कुणाचाच नाही. ज्याला चालवायचीच आहे, किंवा चालवल्यावाचून गत्यंतर नाही, त्याला बसच्या चाकाखाली न जाता चालवता यावी, इतकंच.

कुर्ला पश्चिमेपासून सुरुवात करता येईल. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री तिथे बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत घुसली आणि अनेकांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवस स्टेशनाबाहेरून बस सुटत नव्हत्या आणि बीकेसीला जाणारी माणसं त्याच रस्त्याने चालत निघाली. त्या आठवड्यात तिथे कुणी उभं राहिलं असतं, तर सर्वेक्षण करायची गरज उरली नसती. वाट कुठून कुठे जायला हवी हे लोक पायांनी आखून दाखवत होते. फेरीवाल्यांचं काय, रिक्षांच्या रांगेचं काय, स्टेशनाबाहेर सायकल लावायची कुठे आणि ती रात्री जागेवर राहील याची जबाबदारी रेल्वेची की पालिकेची, हे अवघड प्रश्न तिथे एकाच चौकात भेटतात. तिथलं संकल्पचित्र अजून कुणी काढलेलं नाही. काढलंच कुणी, तर त्यात सकाळचे पावणेदहा वाजलेले असू देत, आणि हँडलला डब्याची पिशवी असू दे.